तीव्र चिंतेच्या आजारावरील पुस्तिकेच्या छपाईसाठी आवाहन

प्रभू येशू ख्रिस्ताच्या नावात सर्व बंधुभगिनींना सप्रेम सलाम.

आपल्या साहित्य समितीचे त्रैमासिक आपण वर्षानुवर्षे वाचत आला आहात, त्यामुळे समितीची ओळख करून देण्याची गरज नाही. यंदा नाताळच्या अंकाऐवजी तीव्र चिंतेचा आजार आणि तो भोगणाऱ्या माणसाचा विश्वास या विषयावर ८० पानांची स्वतंत्र पुस्तिका काढण्याचे समितीने ठरविले आहे. मजकूर तयार आहे, मुद्रिते तपासून झाली आहेत आणि काम केवळ पैशांवाचून अडले आहे.

सोयाबीनचा भाव पडला किंवा सोसायटीचा हप्ता थकला म्हणजे वाटणारी काळजी आपल्या सर्वांच्या ओळखीची आहे. परंतु डोळ्यांपुढे काही कारण नसताना रात्री दोन वाजता छाती धडधडणे, हातापायांना मुंग्या येणे, श्वास अपुरा पडणे आणि आता आपण मरणार अशी खात्रीच वाटणे, हा वेगळा प्रकार आहे आणि तो आजार आहे. असा माणूस तालुक्याला जाऊन कार्डिओग्राम काढतो, तो चांगला निघतो, आणि घरी आल्यावर त्याचे खरे हाल सुरू होतात. शेजारी म्हणतात, बाहेरचे काही असेल. आणि आपल्या प्रार्थनासभेत, सांगताना वाईट वाटते, पण म्हटले जाते की विश्वास कमी पडतो आहे. या पुस्तिकेसाठी आपली साक्ष देणाऱ्या एका ताईंचे शब्द आम्ही जसेच्या तसे ठेवले आहेत: “कार्डिओग्राम चांगला निंघाला तवा मले लाजच वाटली. आता दुखते म्हणून सांगू कोणाले?” त्या ताई त्यानंतर कितीतरी रविवार उपासनेला आल्या नाहीत, आणि त्यांची चौकशी करण्यास आपल्यापैकी फारसे कोणी गेले नाही.

पौलाने फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रातील “कशाविषयीही चिंताक्रांत होऊ नका” हे वचन अशा माणसाला औषध म्हणून देण्याऐवजी दटावणी म्हणून ऐकविले जाते. तोच पौल करिंथकरांस लिहिलेल्या दुसऱ्या पत्रात, अकराव्या अध्यायात, सर्व मंडळ्यांविषयीच्या चिंतेचा भार आपल्यावर रोज असतो हे उघडपणे लिहितो, ते मात्र सहसा कोणी वाचून दाखवीत नाही. एलीया संदेष्टा रानात झुडपाखाली बसून मरण मागू लागला, तेव्हा देवदूताने त्याला उपदेश केला नाही. त्याला झोपू दिले, भाजलेली भाकर आणि पाणी दिले, आणि पुन्हा झोपू दिले. अठ्ठ्याऐंशीवे स्तोत्र आरंभापासून अखेरपर्यंत अंधारातच राहते, तरीही ते पवित्र शास्त्रात आहे. आणि गेथशेमाने बागेत प्रभूने स्वतः आपल्या शिष्यांना आपला जीव मरणप्राय खिन्न झाल्याचे सांगितले, ते विश्वास कमी पडल्यामुळे होते असे म्हणण्याचे धाडस कोणी करील काय? पुस्तिकेत इंग्लंडचे नामवंत प्रवचनकार स्पर्जन यांच्यावरही एक प्रकरण आहे. लंडनमध्ये १८५६ च्या ऑक्टोबरात त्यांच्या सभेत कोणीतरी आग लागल्याची खोटी आरोळी ठोकली आणि चेंगराचेंगरीत सात माणसे मेली, तेव्हा ते अवघे २२ वर्षांचे होते. त्या धक्क्याने ते पार कोसळले आणि खिन्नतेने त्यांना पुढे आयुष्यभर गाठले. तरीही ते व्यासपीठावर उभे राहिले आणि लिहीतही राहिले.

मात्र केवळ वचने देऊन आम्ही थांबलेलो नाही. भीतीचा असा झटका बहुधा दहाएक मिनिटांत शिगेला पोहोचतो आणि मग ओसरू लागतो, ही साधी माहिती कोणी आधी दिली असती तर निम्मी भीती गेली असती, असे साक्ष देणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने सांगितले. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा गुण यायला काही आठवडे लागतात, सुरुवातीला अस्वस्थता वाढल्यासारखीही वाटू शकते, आणि बरे वाटले म्हणून किंवा कोणा प्रवचनकाराने सांगितले म्हणून त्या एकाएकी बंद करू नयेत, हे ठळक अक्षरांत छापले जाणार आहे. शासनाच्या टेली मानस या मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा मोफत क्रमांक, ज्यावर दिवसरात्र केव्हाही मराठीत बोलता येते, मागच्या पृष्ठावर असेल. जिल्हा रुग्णालयातील मानसोपचार विभागात कसे जावे, हेही एका पानात दिले आहे.

कागदावर पैसा घालून काय होते, असा प्रश्न समितीला नेहमी केला जातो. फादर स्टीफन्स यांचे मराठी ख्रिस्तपुराण १६१६ मध्ये छापले गेले आणि ज्ञानोदय हे ख्रिस्ती नियतकालिक १८४२ मध्ये अहमदनगरला सुरू झाले, हे जरा दूरचे वाटेल. पण रेव्हरंड ना. वा. टिळक राजनांदगावकडे जात असता रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हातात नवा करार ठेवला, आणि १८९५ मध्ये त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या एका प्रतीची किंमत तेव्हा कोणी मोजली होती? आपल्या यवतमाळात तर १९५३ पासून १९८३ पर्यंत युनियन बिब्लिकल सेमिनरी ही पाळकांना शिक्षण देणारी संस्था होती आणि लिहिणे ही सेवा आहे हे या जिल्ह्यास नव्याने सांगावे लागू नये.

समितीचा आजवरचा प्रवास हा देणाऱ्यांचा प्रवास आहे. दिवंगत गुरुजींनी शाळा सुटल्यावर कंदिलाच्या उजेडात स्टेन्सिल कापल्या. शाईने काळे झालेले त्यांचे हात घेऊन ते प्रभुभोजनाला यायचे आणि त्यांना कोणी हसत नसे. एसटीतल्या आपल्या कंडक्टर काकांनी अंकांचे गठ्ठे गावोगाव पोहोचविले आणि त्याचे भाडे मात्र नेहमी स्वतःच्या खिशातून भरले. नदीकाठच्या वस्तीवरील मावशी, ज्यांचे शेत अवघे दोन एकर, त्या दरवर्षी पहिल्या वेचणीच्या कापसातून समितीचा वाटा बाजूला काढतात आणि नाव छापू नका असे बजावतात, म्हणून याही वेळी छापत नाही. मिशन दवाखान्यातून निवृत्त झालेल्या सिस्टरांनी या पुस्तिकेतील आजार व औषधांविषयीचे प्रत्येक वाक्य दोनदा वाचले आणि पुढे नागपूरच्या एका मनोविकारतज्ज्ञांकडून तपासून घेतले. सेवा केंद्र चालविणाऱ्या आपल्या तरुणाने रात्री बसून अक्षरजुळणी केली आणि एक रुपयाही घेतला नाही. साक्ष देणाऱ्या बंधुभगिनींची नावे गुप्त राहतील, पण त्यांचे देणे सर्वांत मोठे आहे.

एक गोष्ट मनात ठेवण्यापेक्षा लिहून टाकलेली बरी. गतवर्षीच्या अंकासाठी उपासनेत आवाहन वाचले गेले, तेव्हा दानपेटीत जे जमले त्यातून टपालाचाही खर्च निघाला नाही. पुढच्याच महिन्यात माईकच्या नव्या संचासाठी मागणी झाली आणि संध्याकाळपर्यंत रक्कम पूर्ण झाली. माईकचा आम्हांला हेवा नाही. मागच्या बाकावर आवाज आता स्वच्छ येतो. परंतु जो भीतीने घराबाहेरच पडत नाही, त्याच्यापर्यंत माईक पोहोचत नाही आणि पुस्तिका पोहोचते, एवढे वडीलमंडळींनी ध्यानात घ्यावे. अंक फुकट मिळतो म्हणून त्यात भाजी बांधून नेलेली पाहण्याचा प्रसंगही समितीवर आलेला आहे.

तपशील असा: १५०० प्रती, प्रत्येकी २८ रुपयांप्रमाणे एकूण ४२,००० रुपये, हाती १७,५००, कमी २४,५००. यवतमाळचा छापखाना निम्मी रक्कम आगाऊ घेतल्याशिवाय कागद आणीत नाही आणि ती निम्मीही अद्याप भरलेली नाही. देणगी १५ नोव्हेंबरच्या आत खजिनदारांकडे किंवा रविवारी उपासनेनंतर महिला मंडळाच्या टेबलावर द्यावी व पावती घ्यावी. कापूस किंवा तूर दिल्यास विकून रक्कम जमा करू. ज्यांना पैसे देणे शक्य नाही, त्यांनी नाताळपूर्वी आपल्या गावात २० प्रती घरोघर नेऊन देण्याचे पत्करावे व तसे पाळकसाहेबांकडे नाव नोंदवावे. आजारी माणसाच्या घरी प्रत देताना ती बंद लिफाफ्यात द्यावी. लिफाफे समिती पुरवील.

आपला नम्र,
सचिव, साहित्य समिती