घरांच्या फोटोखाली ‘कसे जाल’ची चौकट नको

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारच्या पुरवणीत डिचोली तालुक्यातल्या एका जुन्या घराचा फोटो होता. पडवीची भिंत, तिच्यावर लाल-पांढरी कावी, म्हणजे चुन्याच्या गिलाव्यात खरवडलेली नक्षी, खाली चार ओळींचा मजकूर आणि शेजारी आपली नेहमीची ‘कसे जाल’ची चौकट. कुठल्या तिठ्यावर वळायचं, कुठल्या घुमटीपासून किती आत जायचं, गाडी कुठे लावायची, सगळं होतं. फोटो उत्तम होता. काढणाऱ्याने ढगाळ सकाळ निवडली होती आणि वाट पाहिली होती, हे दिसत होतं. ती चौकट मात्र मी दोनदा वाचली आणि त्या दिवशी दुसरं काही सुचलं नाही. हीच चूक मी केलेली आहे. तिचं काय झालं ते आपल्या वाचकांना सांगायला हवं, म्हणून हे पत्र.

माझा व्यवसाय मोबाइल अ‍ॅपच्या डिझाइनचा. आल्तिनोवरच्या कला महाविद्यालयात शिकले, पाच-सहा वर्षं पुण्यात नोकरी केली आणि परत घरी आले. २०११ साली जुना निकॉन डी-९० कॅमेरा विकत घेतला, तेव्हापासून सुट्टीच्या दिवशी गोव्यातली गावं फिरते. लोक प्रवासाचे फोटो काढायला लडाखला जातात. मी साखळी, सत्तरी, पेडणे, सांगे यापलीकडे फारशी गेले नाही, आणि अजून संपलेलं नाही.

गोव्यात कॅमेरा बाळगणं सोपं नाही. पावसाळ्याचे चार महिने हवेत ओल असते आणि हवेतली आर्द्रता साठ टक्क्यांच्या वर दिवसेंदिवस राहिली की लेन्सच्या आतल्या काचेवर बुरशी धरते. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक तंतू. वेळीच साफ केली तर निघते, उशीर झाला तर काचेवरचा लेप खाऊन टाकते आणि मग फोटो कायमचे धुरकट येतात. माझी पहिली लेन्स अशीच गेली. तांदळाच्या डब्यात ठेव असं सगळे सांगत. तांदळाने ओल थोडी कमी होते, पण पीठ सगळीकडे शिरतं. आता हवाबंद डब्यात सिलिका जेलची पुडी आणि आर्द्रता दाखवणारा छोटा काटा असतो. काटा चाळीस ते पन्नासच्या मध्ये राहील असं बघते. पावसात बाहेरून आले की बॅग आधी पंख्याखाली उघडी ठेवते, मग आंघोळ.

हे सांगण्याचं कारण असं की ओल कशाला काय करते हे मी लेन्सवरून शिकले आणि मग भिंतींकडे बघायला लागले.

कावी म्हणजे भिंतीवर रंगवलेलं चित्र नव्हे. पुरवणीत ‘रंगवलेली भिंत’ असं छापलं होतं, म्हणून जरा सविस्तर लिहिते. शिंपले भाजून केलेला चुना, वाळू आणि गूळ यांचं मिश्रण कित्येक दिवस मुरवायचं, कुटायचं आणि त्याचा गिलावा करायचा. त्यावर काव, म्हणजे लाल मातीचा रंग, मिसळलेल्या चुन्याचा पातळ थर द्यायचा. हा थर ओला असतानाच अणकुचीदार हत्याराने आणि कंपासने तो खरवडायचा, म्हणजे खालचा पांढरा दिसायला लागतो. वेल, मोर, कमळं, वर्तुळात वर्तुळं, सगळं असं खरवडून काढलेलं. शेवटी नदीतल्या गुळगुळीत गोट्यांनी घोटून घोटून भिंत तुकतुकीत करायची. थर सुकायच्या आत सगळं व्हायला हवं, चूक खोडायला जागा नाही. सिंधुदुर्गापासून कारवार-कुमठ्यापर्यंत ही कला आढळते. आपल्याकडे मोरजीच्या मोरजाईच्या देवळात ती बघता येते. होन्नावरचे कृष्णानंद कामत यांनी कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर हिंडून तिचा अभ्यास केला, नाहीतर तिची एवढीही नोंद राहिली नसती.

देवळांतली बरीचशी कावी जीर्णोद्धारात गेली. जुन्या भिंती पाडल्या, टाइल्स आल्या. घरांतली काही ठिकाणी राहिली आहे, कारण घर पाडायला भावाभावांत एकमत होत नाही.

२०१८च्या श्रावणात मी अशाच एका घरी पोचले. गावाचं नाव लिहीत नाही. नागपंचमीचा आदला दिवस होता. घरात ऐंशीच्या आसपासच्या एक मावशी एकट्या होत्या, मुलगे मुंबईला आणि आखातात. मी बाहेरून हाक मारली, चपला काढल्या, पडवीत बसले, कुणाची कोण ते सांगितलं. अर्ध्या तासाने त्यांनीच विचारलं, कॅमेरा कशाला आणलाय म्हणून. त्यानंतर मी तीन वेळा गेले. घोटलेली भिंत चकाकते, त्यासाठी पोलरायझर फिल्टर लागतो. खरवडलेल्या रेघेची खोली दाखवायची तर उजेड समोरून नको, एका बाजूने भिंतीला घासून यायला हवा. त्या पडवीत तसा उजेड सकाळी नऊच्या सुमारास येतो, तोही ढग पातळ असले तरच. एव्हाना माझ्याकडे फुजीफिल्मचा एक्स-टी२ होता. तिसऱ्या खेपेला मनासारखा फोटो मिळाला. मावशींनी हळदीच्या पानातल्या पातोळ्या दिल्या. त्या कागदात बांधून मी बसने घरी आणल्या.

त्याच सुमारास मी स्वतःसाठी एक छोटं अ‍ॅप करत होते. जात्रांच्या तिथी, जुनी देवळं, जुनी घरं, सगळं मराठीत आणि कोकणीत. पैशांसाठी नव्हतं. दिवसभर दुसऱ्यांची अ‍ॅप इंग्रजीत करायची आणि रात्री आपलं हे. देवनागरीसाठी मुक्ता हा टंक घेतला आणि ओळींमधली जागा वाढवली, कारण रोमन लिपीच्या मापाने ओळी बसवल्या की वेलांट्या आणि रफार वर कापले जातात, उकार खाली. ‘श्री शांतादुर्गा’मधला रफार फोनच्या पडद्यावर पूर्ण दिसावा म्हणून दोन रात्री घालवल्या. आणि प्रत्येक फोटोखाली एक मोठं केशरी बटण ठेवलं : ‘इथे जा’. दाबलं की नकाशा उघडून थेट रस्ता दाखवायचा. एका बोटात माणूस दारात. त्या वेळी मला ते बटण संपूर्ण अ‍ॅपमधली सर्वांत चांगली गोष्ट वाटत होती.

माझ्या कॅमेऱ्यात जीपीएस नाही. पण फोनमधलं कॅमेऱ्याचं अ‍ॅप त्याला ठिकाण पुरवतं आणि प्रत्येक फोटोच्या फाइलमध्ये अक्षांश-रेखांश नोंदले जातात. तेच मी बटणाला जोडले. अक्षांशाचा एक अंश म्हणजे सुमारे १११ किलोमीटर. दशांश चिन्हानंतर चार आकडे ठेवले की नेम ११ मीटरवर येतो. म्हणजे नुसतं घर सापडत नाही, घराची पडवी सापडते.

कोविडनंतर अ‍ॅप अचानक पसरलं. त्या घराचा फोटो कुणीतरी उचलला, ठिकाणासकट. मला कळलं ते पाच-सहा महिन्यांनी, चवथीनंतर मावशींना भेटायला गेले तेव्हा. अंगणात तुळशीपाशी काळ्या पाटीच्या भाड्याच्या तीन स्कूटर उभ्या होत्या. पुढचं दार बंद होतं. मी मागीलदारी गेले. मावशी तिथे नारळाची सोडणं रचत होत्या. म्हणाल्या, “बाय, तुवें सांगलां म्हणून आयल्यात मगो हे?” त्या रागावल्या नव्हत्या. त्यांना खरंच वाटत होतं की ही माझी माणसं आहेत, आणि म्हणून पहिले काही महिने त्यांनी प्रत्येकाला चहा दिला होता.

मग चहा देववेना. लोक सकाळी सातला येऊ लागले. लग्नाआधीचे फोटो काढायला एक जोडपं कपडे बदलायला खोली मागत होतं. रंग उठून दिसावा म्हणून कुणीतरी भिंतीवर बाटलीतलं पाणी मारलं. दिव्याचा एक स्टँड भिंतीला टेकवला होता, तो घसरला आणि तळहाताएवढा गिलावा खाली आला. एका कमळाच्या चार पाकळ्या गेल्या. गावातला गवंडी सिमेंटने भरून देतो म्हणाला. मी नको म्हटलं. चुना ओल घेतो आणि सोडतो, सिमेंट ती आत कोंडून ठेवतं आणि मग आजूबाजूचा चुनाही सुटायला लागतो. ती जागा अजून तशीच आहे. लेन्ससाठी मी डबा केला. भिंतीला डबा करता येत नाही.

त्या रात्री मी बटण काढलं. आता अ‍ॅपमध्ये घर असेल तर फक्त तालुक्याचं नाव असतं. अक्षांश-रेखांश लपवलेले नाहीत, माझ्याकडे साठवलेलेच नाहीत, कारण साठवलेलं कधीतरी बाहेर पडतं. कुणी फोटो पाठवला तर आधी एक प्रश्न येतो, ‘घरच्यांना विचारलंत का?’, आणि उत्तर दिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. खोटं उत्तर देता येतं, हे मला माहीत आहे. तरी विचारते. जात्रांची ठिकाणं मात्र नेमकी ठेवली आहेत. जात्रेला माणसांनी यावं हीच देवस्थानाची इच्छा असते, तिथे रस्ता आणि पार्किंग दाखवणं उपयोगाचंच. शिरगावच्या लईराईच्या किंवा फातर्प्याच्या जात्रेला जाणाऱ्याला मी वाट का लपवू? घर आणि जात्रा यांत फरक आहे, आणि मी डिझाइन करताना दोघांना एकच बटण दिलं, ही माझी चूक.

माझे फोटोग्राफर मित्र म्हणतात की लपवून ठेवलं तर ही घरं कुणाला न कळता पाडली जातील, फोटोमुळेच त्यांची किंमत कळते. हे खोटं नाही. गावातली तीन घरं मी फोटो काढल्यानंतर वर्षभरात पाडलेली पाहिली आहेत आणि त्यांचं आज माझ्या फोटोंपलीकडे काही उरलेलं नाही. म्हणून फोटो छापू नका असं मी म्हणत नाही. जरूर छापा, मोठे छापा. कावी कशी करतात ते छापा, चुना कुठे भाजतात, अवजारं कसली, अजून हे काम येणारा कुणी हयात आहे का, ते शोधायला वार्ताहर पाठवा. चार ओळींच्या जागी अर्धं पान द्या. वाट तेवढी छापू नका.

पर्रा गावचं उदाहरण आपल्यासमोर आहे. माडांमधला एक साधा रस्ता सिनेमात दिसला, मग फोनवर फिरला, आणि २०१९मध्ये पंचायतीवर तिथे फोटो काढणाऱ्यांकडून स्वच्छता कर घ्यायची वेळ आली. त्यावरून पंचायतीला बोल लागले. पणजीत फोंतेन्हासच्या रहिवाशांनी आपल्या दारांवर फोटो काढू नका असे फलक लावले. २०२३च्या जानेवारीत पर्यटन खात्याने सूचना काढली की परवानगीशिवाय अनोळखी लोकांचे फोटो घेऊ नयेत, विशेषतः समुद्रावर ऊन घेणाऱ्यांचे आणि पोहणाऱ्यांचे. चांगली सूचना आहे. मागीलदारी सोडणं रचत बसलेल्या मावशींनाही ती लागू व्हावी एवढंच मला वाटतं.

एक गोष्ट आपल्या कार्यालयासाठी. व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो साधा पाठवला तर ठिकाणाची नोंद गळून पडते, पण दर्जाही घसरतो. म्हणून आम्ही वर्तमानपत्राला फोटो ‘डॉक्युमेंट’ म्हणून किंवा ईमेलने पाठवतो, आणि मग ती नोंद जशीच्या तशी तुमच्यापर्यंत येते. कुठल्याही संगणकावर फाइलची माहिती उघडली की दिसते. तुमच्या संकेतस्थळावर तोच फोटो चढवण्याआधी ती पुसून टाकायची पद्धत ठेवावी, ही विनंती. दोन मिनिटांचं काम आहे. कसं करायचं ते दाखवायला मी पणजीला यायला तयार आहे, मोबदला नको. आणि गेल्या रविवारचं ते पान संकेतस्थळावर अजून असेल, तर त्यातली चौकट आजच काढावी. त्या घरात कोण राहतं हे मला ठाऊक नाही. त्यांना विचारलं होतं का, तेवढं कळवावं.

मावशींच्या भिंतीचे सगळे फोटो मी मोठ्या आकारात छापून त्यांना दिले आहेत, आणि फाइली त्यांच्या मुंबईच्या मुलाला. गेल्या श्रावणात मी कॅमेरा न घेता गेले. पातोळ्या खाल्ल्या, पाकळ्यांची जागा बघितली. पाऊस जोराचा होता, ओल आणखी थोडी सरकली आहे. पुढचं दार अजून बंदच असतं.

पत्राखाली माझं नाव आणि वाडा छापू नये. आमच्या भागात नावावरून माझं घर कळतं, आणि माझ्या घरावरून त्यांचं.

आपली,
एक वाचक, डिचोली तालुका