आठवण: रविवारची बैठक – टॅप आणि सांबा

सभासद मित्रमैत्रिणींनो,

येत्या रविवारी संध्याकाळी ५ वाजता आपण लिओनार्दो सांदोव्हाल यांच्या टॅप नृत्याच्या चित्रफिती एकत्र पाहणार आहोत. सांदोव्हाल मूळचे ब्राझीलचे. न्यूयॉर्कमध्ये बासवादक ग्रेगरी रिचर्डसन यांच्यासोबत ते ‘म्युझिक फ्रॉम द सोल’ ही मंडळी चालवतात. तिथे नर्तकही वादकच असतो. बुटाच्या चवड्याला आणि टाचेला ठोकलेल्या धातूच्या पट्ट्या हे त्याचं वाद्य.

पाहताना कान सुर्दोवर ठेवा. सांबा या ब्राझिली नृत्यसंगीताच्या दोन मात्रांत या मोठ्या ढोलाचा जड ठोका दुसऱ्या मात्रेवर पडतो, वरून पांदेरो या खंजिरीसारख्या वाद्याचे बारीक बोल सलग धावतात आणि त्यांच्या फटींतून पावलं वाजतात. मला यातली सर्वांत सुंदर गोष्ट हीच वाटते. रिओच्या वस्त्यांमधल्या पासिन्यो या नृत्याची चपळ पावलंही त्यात मिसळतात. कथक शिकणाऱ्यांनी तर आवर्जून यावं, जुगलबंदीची ओढ लगेच ओळखीची वाटेल.

नंतर अर्धा तास आपणही पावलं टाकून पाहू. कडक तळव्याचे बूट आणा, रबरी तळव्याचे नकोत. गुडघे दुखत असतील त्यांनी बसून टाळीने दुसरी मात्रा धरावी. येणार असाल तर शुक्रवारपर्यंत कळवा, म्हणजे खुर्च्या मांडता येतील.