बदली सायलेन्सर बसवल्यापासून इंजिनचा दिवा विझत नाही : पैसे परत मिळण्याबाबत तक्रार

प्रति,
मा. व्यवस्थापक,
ग्राहक सेवा विभाग

विषय : बीएस-६ व्हॅनसाठी घेतलेल्या कन्व्हर्टरसह सायलेन्सरमधील दोषाबाबत

महोदय,

मी नाशिकमध्ये जेवणाचे डबे पुरवते. माझ्या व्हॅनचा सायलेन्सर जूनमध्ये रात्रीतून चोरीला गेला. सकाळी गाडी चालू केली तर ट्रॅक्टरसारखा आवाज, आणि खाली वाकून पाहिलं तर पाईपच नाही. इको व्हॅनच्या मालकांना हा प्रकार चांगलाच ठाऊक आहे. चोरांना सायलेन्सर नको असतो, त्यातल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमधले, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणाऱ्या भागातले, प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम हे महागडे धातू हवे असतात. पोलिसांत तक्रार दिली. विमा फक्त थर्ड पार्टी असल्याने भरपाई नाही.

गाडीच्या मूळ कंपनीचा भाग परवडेना, म्हणून तुमच्या संकेतस्थळावरून ९,२०० रुपयांना कन्व्हर्टरसह सायलेन्सर घेतला. 'बीएस-६ गाड्यांसाठी, मूळ भागाइतकाच कार्यक्षम' असं तिथे स्पष्ट लिहिलं होतं. कन्व्हर्टरच्या पुढे आणि मागे धुरातला ऑक्सिजन मोजणारा एकेक सेन्सर असतो; चोरांनी त्यातल्या मागच्या सेन्सरची वायर कापली होती, म्हणून तो सेन्सरही मी नवा घेतला.

चौथ्या दिवशी चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गॅरेजमध्ये स्कॅनर लावल्यावर पी ०४२० हा कोड आला, म्हणजे कन्व्हर्टरची कार्यक्षमता हवी त्यापेक्षा कमी आहे. तुमच्या ग्राहक सेवेला फोन केला तेव्हा उत्तर मिळालं, "नवीन भाग आहे, ५०० किलोमीटर चालवा, दिवा आपोआप जाईल." मी चालवली. दिवा गेला नाही. कोड पुसला की दोन-तीन दिवस बरे जातात आणि पुन्हा तेच. हा कोड एखाद्या झटक्याने येत नाही. साधारणपणे लागोपाठ दोन फेऱ्यांमध्ये गाडीतल्या संगणकाला तोच दोष दिसला तरच दिवा लागतो.

तुमच्या मालाला दोष देण्याआधी आम्ही आमचं काम तपासलं, हे मला आवर्जून सांगायचं आहे. कुठे धूर गळत असेल किंवा बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर सेन्सर चुकीचं सांगतो. म्हणून गॅरेजवाल्या दादांनी थंड इंजिन चालू करून मागच्या नळीवर ओलं फडकं दाबलं आणि प्रत्येक जोडावर साबणाचं पाणी टाकलं. पुढच्या फ्लँजवर, म्हणजे बोल्टने आवळायच्या जोडावर, बुडबुडे आले. तुमच्यासोबत आलेलं पॅकिंग पातळ होतं, बोल्ट आवळूनही नीट बसत नव्हतं. आम्ही धातूचं नवं पॅकिंग टाकलं. गळती थांबली, आवाजही कमी झाला. कोड पुसला. सहाव्या दिवशी दिवा परत लागला.

मग दादांनी इंजिन पूर्ण तापवून, २,५०० आरपीएमवर स्थिर ठेवून सेन्सरचे आकडे पाहिले. कन्व्हर्टर नीट काम करत असेल तर तो ऑक्सिजन साठवतो आणि लागेल तसा सोडतो, त्यामुळे मागच्या सेन्सरचा व्होल्टेज जवळजवळ स्थिर राहतो. आमच्या गाडीत तो ०.१ ते ०.८ व्होल्टच्या दरम्यान सतत वरखाली होत होता. पुढच्या सेन्सरवर जो चढउतार, तोच मागच्या सेन्सरवर. म्हणजे धूर कन्व्हर्टरमधून जसा आत गेला तसाच बाहेर पडत होता. मिसफायरचा, म्हणजे इंजिनात इंधन नीट न पेटल्याचा कोड नाही, सेन्सरच्या हीटरचा किंवा वायरिंगचा कोड नाही, संगणक इंधनाचं प्रमाण जे कमी-जास्त करतो तेही पाच टक्क्यांच्या आत. संशय घ्यावा असा तुमचा कन्व्हर्टर सोडून दुसरा भाग उरला नाही.

हे सगळं फोटोंसह तुम्हाला पाठवलं. त्यावर तुमच्या तंत्रज्ञाने सांगितलं, "मागच्या सेन्सरखाली स्पेसर टाका, दिवा जाईल." मला सगळ्यात जास्त राग या सल्ल्याचा आहे. स्पेसर म्हणजे सेन्सरखाली बसवायचा जोडतुकडा; त्यामुळे सेन्सर धुराच्या प्रवाहापासून दूर सरकतो आणि संगणक फसतो, पण धुरातला कार्बन मोनॉक्साईड तितकाच राहतो. या वायूला रंग नाही, वास नाही. माझी गाडी रोज रुग्णालयाच्या आवारात उभी असते, डबे उतरवताना इंजिन कधीकधी चालूच असतं. तिथल्या माणसांच्या श्वासात काय जातं याची जबाबदारी मी टाळू शकत नाही, तुम्हीही टाळू नका. शिवाय प्रदूषणाचे नियम मोडल्याबद्दल मोटार वाहन कायद्याच्या कलम १९०(२) खाली तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पकडली जाईल ती गाडी चालवणारी मी, सल्ला देणारा तंत्रज्ञ नाही.

दिवा कायम लागलेला असला की दुसरा बिघाड झाला तरी कळायला मार्ग नाही, ही अडचण वेगळीच. उद्या खरोखर इंजिनात काही झालं तर मला समजणार कसं?

माझ्या मागण्या सरळ आहेत. या भागाचे ९,२०० रुपये परत करा आणि तो स्वखर्चाने घेऊन जा. बसवणे, काढणे आणि तपासणी यांचे २,४०० रुपये द्या. नव्या सेन्सरचे पैसे मी मागत नाही, तो चोरीमुळेच घ्यावा लागला. तुमच्या कन्व्हर्टरमध्ये प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम प्रत्येकी किती आहे हे लेखी कळवा. आणि ते सांगता येत नसेल तर 'मूळ भागाइतकाच कार्यक्षम' हे शब्द संकेतस्थळावरून काढा. माझ्यासारखेच चोरीने आधीच नाडलेले लोक ते वाचून पैसे भरत असणार.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर आलं नाही, तर मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाईनवर १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवेन आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार नाशिकच्या जिल्हा ग्राहक आयोगात जाईन. मी जिथे राहते तिथेच दावा दाखल करण्याची सोय या कायद्यात आहे.

सोबत बिल, गॅरेजची पावती, स्कॅनरचे फोटो आणि तुमच्या तंत्रज्ञाने पाठवलेल्या संदेशाची प्रत जोडली आहे. भाग न्यायला माणूस पाठवाल तर आदल्या दिवशी कळवा. दुपारचे डबे पोचवून गाडी दोननंतरच मोकळी होते.

आपली,
एक ग्राहक, नाशिक