मुख्याध्यापक निवडण्याआधी अण्णांना पत्र

शिकागो,
२ मार्च २०२५

तीर्थरूप अण्णांना शिरसाष्टांग नमस्कार.

गेल्या रविवारी फोनवर मी सहज म्हणाले, की सईच्या शाळेच्या मुख्याध्यापक बाई जूनमध्ये निवृत्त होत आहेत आणि त्यांच्या जागी कोण यावे हे आम्ही पालक ठरवणार आहोत. तुम्ही क्षणभर गप्प राहिलात आणि मग विचारलेत, "पालक ठरवणार? मग शिक्षणाधिकारी काय करणार?" आयुष्यभर महानगरपालिकेच्या शाळांत नोकरी केलेल्या आणि दर बदलीचा आदेश वरूनच आलेला पाहिलेल्या माणसाला हा प्रश्न पडणे साहजिक आहे. शिवाय तुम्हाला अर्धवट उत्तर दिले की पुढचा फोन तुम्ही तिथूनच सुरू करता, म्हणून आज सविस्तर लिहायला बसले आहे.

इथे जवळजवळ प्रत्येक सरकारी शाळेला एक 'लोकल स्कूल कौन्सिल' असते. आपल्याकडच्या शाळा व्यवस्थापन समितीची ही बहीण म्हणा, पण तिच्यापेक्षा थोरली आणि जास्त अधिकार असलेली. प्राथमिक शाळेच्या कौन्सिलवर ६ पालक, २ परिसरातले रहिवासी, २ शिक्षक, १ शिक्षकेतर कर्मचारी आणि स्वतः मुख्याध्यापक असतात. पालकांची आणि रहिवाशांची निवडणूक दर दोन वर्षांनी होते. मुख्याध्यापक निवडणे, त्यांच्याशी चार वर्षांचा करार करणे, दरवर्षी त्यांच्या कामाचे मूल्यमापन करणे आणि मुदत संपल्यावर करार पुढे चालू ठेवायचा की नाही हे ठरवणे, ही कौन्सिलची कामे आहेत. शाळेच्या सुधारणेचा आराखडा आणि अंदाजपत्रकही कौन्सिलच्या मंजुरीशिवाय पुढे जात नाही.

हे अधिकार कोणी आपण होऊन दिलेले नाहीत. १९८७ मध्ये इथे शिक्षकांचा १९ दिवसांचा संप झाला आणि पालक रस्त्यावर उतरले. त्याच वर्षी देशाच्या शिक्षणमंत्र्यांनी, विल्यम बेनेट यांनी, शिकागोच्या शाळा देशात सर्वांत वाईट आहेत असे जाहीरपणे म्हटले. महापौर हॅरल्ड वॉशिंग्टन यांनी पालक, शिक्षक आणि व्यापारी मंडळींना एकत्र बसवले होते, पण त्या नोव्हेंबरमध्ये त्यांचे निधन झाले. तरीही चळवळ थांबली नाही. १९८८ मध्ये राज्याच्या विधिमंडळाने कायदा केला आणि १९८९ च्या ऑक्टोबरमध्ये पहिल्या निवडणुका झाल्या. या कायद्यातली एक गोष्ट मला अजूनही नवलाची वाटते. मतदानाला आणि उमेदवारीला नागरिकत्वाची अट नाही. मला इथे महापौरासाठी मत देता येत नाही, राष्ट्राध्यक्षासाठी तर नाहीच. पण माझ्या मुलीच्या शाळेच्या कौन्सिलसाठी मत देता येते, उभे राहता येते आणि, तुम्हाला ठाऊक आहेच, गेल्या जुलैपासून मी तिथे बसतेही. अर्थात त्याआधी पार्श्वभूमीची तपासणी झाली आणि नंतर प्रशिक्षणाचे पाठ पूर्ण करावे लागले. त्या पाठांत अंदाजपत्रक वाचायला शिकवतात, हे तुम्हाला विशेष आवडेल.

तुमचा दुसरा प्रश्न पैशाचा होता. शाळेत फी नाही, पुस्तके फुकट, दुपारचे जेवणही फुकट, मग हे सगळे चालते कशावर? बऱ्याच अंशी घरपट्टीवर. आपल्या कोल्हापूरच्या घरपट्टीच्या बिलात शिक्षण कराची एक ओळ असते आणि ती रक्कम राज्याकडे जाते. तिच्याकडे आपण कधी नीट पाहिलेही नसेल. इथे मात्र घराच्या कराचा निम्म्याहून अधिक वाटा एकट्या शाळांचा असतो. सरकारी शाळा चालवणारी स्कूल डिस्ट्रिक्ट ही महानगरपालिकेपासून कायद्याने वेगळी संस्था आहे आणि ती स्वतःचा कर आकारते. आम्ही भाड्याने राहतो, म्हणून बिल आमच्या नावाने येत नाही, पण घरमालक तो भाड्यातून वसूल करतोच. उरलेल्या पैशातला मोठा भाग राज्य सरकार देते. केंद्र सरकारचा हिस्सा एरवी बराच लहान असतो. करोनाच्या काळात त्याने भरघोस मदत दिली, शिकागोच्या शाळांना सुमारे २८० कोटी डॉलर मिळाले. त्यातून नेमलेली माणसे अजून शाळांत आहेत आणि पैसा मात्र संपला. आमच्या कौन्सिलच्या दर बैठकीत आता हाच विषय निघतो.

घराच्या किमतीवर शाळेचा पैसा बेतला की काय होते, हे तुम्ही सहज ओळखाल. शिकागोच्या उत्तरेला तळ्याकाठी श्रीमंतांची उपनगरे आहेत. तिथली घरे महाग, म्हणून कराचा दर फार न वाढवताही शाळांकडे पैसा भरपूर. दक्षिणेकडच्या काही गावांत घरांच्या किमती इतक्या कमी आहेत, की दर कितीही चढवला तरी हाती थोडेच लागते, आणि चढ्या दरामुळे नवे लोक तिथे राहायला येत नाहीत. टेक्सासमधल्या सॅन अँटोनियोच्या पालकांनी याविरुद्ध थेट सर्वोच्च न्यायालय गाठले होते. १९७३ मध्ये न्यायालयाने ५ विरुद्ध ४ मतांनी निकाल दिला, की शिक्षण हा देशाच्या राज्यघटनेने दिलेला मूलभूत हक्क नाही आणि घरपट्टीवर शाळा चालवणे घटनाबाह्य ठरत नाही. एका मताने! तेव्हापासून हे भांडण प्रत्येक राज्य आपापल्या परीने मिटवत बसले आहे. आपल्याकडे सहा ते चौदा वर्षांच्या मुलांचे शिक्षण घटनेतच मूलभूत हक्क म्हणून लिहिले गेले, याचे महत्त्व मला इथे येऊन कळले. त्या हक्काचे पुढे काय होते, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त पाहिले आहे.

इलिनॉय राज्याने २०१७ मध्ये एक बरे सूत्र आणले. प्रत्येक डिस्ट्रिक्टला मुलांना नीट शिकवायला किती खर्च यायला हवा याचा आकडा आधी काढायचा, तो डिस्ट्रिक्ट त्यापासून किती मागे आहे ते पाहायचे, आणि दरवर्षी वाढणाऱ्या निधीतला सर्वांत मोठा वाटा सर्वांत मागे असलेल्यांना द्यायचा. आधी मिळत होते ते कोणाचेच कमी करायचे नाही, म्हणून श्रीमंत उपनगरांनीही फार आरडाओरडा केला नाही. सूत्र चांगले आहे, पण वाढीव निधी इतक्या सावकाश येतो, की आज पहिलीत असलेले मूल शाळा सोडून जाईल तेव्हाही तो आकडा गाठला जाईल याचा भरवसा वाटत नाही.

शहरात आणखी एक गुंतागुंत आहे, ती समजायला मला वर्ष लागले. एखादा भाग मागासलेला म्हणून महानगरपालिका त्याच्याभोवती नकाशावर एक रेघ ओढते आणि पुढची २३ वर्षे त्या रेघेच्या आत घरांच्या किमती जेवढ्या वाढतील, तेवढ्या वाढीवरचा कर वेगळ्या खात्यात जातो. त्यातून रस्ते, दिवे आणि इमारती व्हाव्यात, हा हेतू. पण त्या वाढीतला शाळांचा वाटाही त्याच खात्यात अडकतो. मग वर्षाच्या शेवटी महापौरांनी शिल्लक जाहीर केली की त्यातला निम्म्याहून थोडा जास्त पैसा शाळांकडे परत येतो. म्हणजे स्वतःच्याच पैशासाठी दरवर्षी शाळांनी महापौरांच्या तोंडाकडे पाहायचे. अनुदानाच्या हप्त्यासाठी तुम्ही मुंबईला घातलेल्या खेपा आठवल्या.

आता आमच्या शाळेचे सांगते. काही वर्षांपूर्वीपर्यंत शाळेला दर मुलामागे ठरावीक रक्कम मिळत असे. पट घटला की पैसा घटे, पैसा घटला की शिक्षक जाई, शिक्षक गेला की पालक मुलांना दुसरीकडे नेत आणि पट पुन्हा घटे. पटावरून शिक्षकांची पदे ठरवण्याच्या, म्हणजे संचमान्यतेच्या दिवसांत तुम्ही रात्री अकरापर्यंत हजेरीपत्रके घेऊन बसत होतात, त्याचीच ही परदेशी आवृत्ती. या शैक्षणिक वर्षापासून पद्धत बदलली आहे: प्रत्येक शाळेला काही पदे हमखास मिळतात आणि जिथे मुलांच्या अडचणी जास्त तिथे जास्त पदे. तरीही आमच्याकडे ग्रंथपाल नाही. पुस्तकांची खोली आहे, कपाटे भरलेली आहेत, आणि दाराला कुलूप आहे. मी कौन्सिलवर आले ती हे कुलूप काढायला, असे म्हटले तरी चालेल. पहिल्याच बैठकीत कळले, की ग्रंथपाल हवा असेल तर चित्रकलेचे शिक्षक अर्धवेळ करावे लागतील. अंदाजपत्रक मंजूर करण्याचा अधिकार आमच्या हाती आहे खरा, पण एकूण रक्कम वरून ठरून येते; आम्ही फक्त ताटातले वाढप इकडचे तिकडे करतो. काही मैलांवर सुखवस्तू वस्तीतल्या शाळा आहेत, तिथले पालक संस्था काढून मेजवान्या आणि लिलाव भरवतात आणि जादा शिक्षकाचा पगार उभा करतात. आम्ही केक विकले. जमलेल्या पैशातून बालवाडीसाठी सतरंज्या आल्या.

पालकांचा आवाज कुठे पोहोचत नाही, हे इथल्या जुन्या लोकांना २०१३ ने शिकवले. त्या वर्षी मे महिन्यात शहरातल्या सरकारी शाळांचा कारभार पाहणाऱ्या आणि महापौर राम इमॅन्युएल यांनी नेमलेल्या बोर्डाने एकाच बैठकीत ५० शाळा बंद करण्याचा ठराव केला. कारण पटसंख्येचे. वर्गखोल्यांना तीसने गुणायचे आणि तेवढी मुले नसतील तर शाळा रिकामी समजायची, असा साधारण हिशेब होता. विशेष गरजा असलेल्या मुलांचा वर्ग कायद्यानेच लहान असतो, हे पालक सभांमधून सांगत राहिले. बंद झालेल्या बहुतेक शाळा दक्षिण आणि पश्चिम भागातल्या कृष्णवर्णीय वस्त्यांतल्या होत्या. सुमारे बारा हजार मुलांना नवी शाळा धरावी लागली, आणि टोळ्यांच्या हद्दी ओलांडून जाणाऱ्या मुलांसाठी वाटेवरच्या कोपऱ्याकोपऱ्यांवर झगझगीत जाकिटे घातलेली माणसे उभी करावी लागली. त्या सर्व शाळांत कौन्सिल होत्या, पण शाळा चालू ठेवायची की नाही हा विषय कौन्सिलच्या अखत्यारीत येत नाही. दोन वर्षांनी डायेट हायस्कूलसाठी १२ जणांनी ३४ दिवस उपोषण केले, तेव्हा कुठे ती शाळा २०१६ मध्ये पुन्हा उघडली. तुम्ही २०२३ मध्ये वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा एकत्र करण्याच्या, म्हणजे समूह शाळांच्या प्रस्तावावर चिडून फोन केला होतात आणि "वीस पोरं म्हणजे पोरं नव्हेत का?" असे म्हणाला होतात. आमच्या कौन्सिलवरच्या एका वृद्ध रहिवासी बाई, ज्यांच्या नातवंडांची शाळा तेव्हा बंद झाली, त्या जवळजवळ हेच इंग्रजीत म्हणतात.

१९९५ पासून या बोर्डाची नेमणूक पूर्णपणे महापौरांच्या हाती होती. त्या रागातून बोर्डाची निवडणूक व्हावी ही मागणी जोर धरत गेली आणि गेल्या नोव्हेंबरमध्ये शहराच्या इतिहासात प्रथमच शाळा-बोर्डाची निवडणूक झाली. २१ पैकी १० सदस्य निवडून आले, ११ महापौरांनी नेमले. २०२७ च्या जानेवारीपासून सगळेच निवडून आलेले असतील. शाळांना एकूण किती पैसा मिळावा याची खरी चर्चा तिथे होणार आहे. आणि तिथे मला मत नाही.

म्हणून मुख्याध्यापकाची निवड मी इतकी मनाला लावून घेतली आहे. आमच्या हातात ही एकच मोठी गोष्ट आहे. अर्ज आले आहेत, एप्रिलमध्ये मुलाखती आहेत आणि त्याआधी उमेदवारांना पालकांसमोर जाहीर सभेत बोलावणार आहोत. आपल्याकडे समितीत तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या महिला असाव्यात असा कायदा आहे. आणि बैठकीची वही घरोघर फिरवून सह्या कशा गोळा होतात, हे तुम्हीच हसत सांगायचात. इथे सह्या कमी पडत नाहीत, पण कसलेला माणूस ओळखायचा कसा, ते आम्हा कोणालाच येत नाही. आमच्यातले एक गृहस्थ ट्रक चालवतात, एक बाई परिचारिका आहेत, मी संगणकावर काम करते. उमेदवार गोड बोलतात आणि सगळ्यांचे आराखडे कागदावर सुरेखच दिसतात.

तुम्ही एवढ्या मुख्याध्यापकांच्या हाताखाली काम केलेत आणि नंतर स्वतः ती खुर्ची सांभाळलीत. त्या मुलाखतीला तुम्ही बसला असतात तर पहिला प्रश्न काय विचारला असतात? आणि शाळेत पहिल्यांदा पाऊल टाकल्यावर मुख्याध्यापक कसा आहे हे तुम्ही कशावरून ओळखत होतात? आई म्हणते तुम्ही आधी संडास पाहायचात आणि मग शिपायाशी बोलायचात. ते खरे का, आणि शिपायाला काय विचारायचात, तेही लिहा. मुलाखती १२ एप्रिलला आहेत, तेव्हा पत्र पोस्टाने न पाठवता बाळूकडून फोटो काढून पाठवलात तर वेळेवर पोहोचेल.

आईला नमस्कार. सईने मराठीत चार ओळी लिहिल्या आहेत, त्या सोबत जोडते. 'ळ' अजून उलटा काढते.

तुमची,
मेधा