सोयाबीनच्या पेरणीची घाई नको

महोदय,

मृगाचा पहिला जोरदार पाऊस पडला की पुणे जिल्ह्यातही सोयाबीन पेरण्याची घाई सुरू होते आणि पुढे पावसाने ओढ दिली की दुबार पेरणीचे संकट उभे राहते. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस होऊन वाफसा (जमिनीत पेरणीला योग्य अशी ओल) आल्यावरच पेरावे, हा सल्ला त्यासाठीच दिला जातो. अर्थात जुलैच्या मध्यानंतर पेरल्यास झाडाची वाढ खुंटते, शेंगा कमी लागतात आणि उतारा घटतो.

बियाण्याची हेळसांड मला अधिक खटकते. सोयाबीनचे टरफल इतके नाजूक असते की पोते आपटले तरी दाण्याला इजा होऊन उगवण घटते. म्हणून घरच्या बियाण्याचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवावेत आणि किमान 70 उगवले तरच नेहमीच्या प्रमाणात पेरावे. पेरणीही 3 ते 4 सेंटीमीटरपेक्षा खोल जाऊ नये, नाहीतर कोंब वर येण्याआधीच कुजतात.

कृषी विभागाने मे महिन्यातच गावोगावी उगवणक्षमतेची प्रात्यक्षिके घ्यावीत आणि पेरणीयोग्य पावसाची माहिती मंडळनिहाय जाहीर करावी, ही कळकळीची विनंती.

– एक सोयाबीन उत्पादक, पुणे