यादी मागितलीस म्हणून

अलिबाग,
रविवार, ५ ऑक्टोबर २०२५

चि. सोनूस,

आईचे अनेक आशीर्वाद. सूनबाईला आणि छकुलीलाही. इकडे सगळं ठीक. बाबा तसे बरे आहेत.

परवा फोनवर तू घराचा विषय काढलास, बाबांनी आवाज चढवला, तू फोन ठेवलास, आणि तुझ्या यादीचं राहूनच गेलं. "आपल्यातल्या गेलेल्या सगळ्यांची नावं, नाती, तारखा पाठव, मी कॉम्प्युटरवर वंशवेल करतो," असं तू लिहिलं होतंस. म्हणून बसले आहे. घराबद्दल या पत्रात मी एक अक्षर लिहिणार नाही. उद्या संध्याकाळपासून सुक्कोथ, आपला मांडवांचा सण, मग हाताला उसंत मिळायची नाही. पोस्टानं टाकलं तर इस्राएलला कधी पोचेल देव जाणे, शेजारची पोरगी पानांचे फोटो काढून पाठवणार आहे. अक्षर लागलं नाही तर मोठं करून वाच.

यंदा दाराफाळणी, म्हणजे आपला योम किप्पूरचा उपास, आणि दसरा एकाच दिवशी आले, २ ऑक्टोबरला. सकाळपासून आळीत पोरं आपट्याची पानं घेऊन हिंडतायत, आणि आम्ही पांढरे कपडे घालून, तोंडात पाण्याचा थेंब नाही, मशिदीत, आपल्या सिनेगॉगमध्ये, निघालेलो. शेजारच्या वहिनींनी पोरांना दटावलं, "त्यांचा रोजा आहे, सोनं संध्याकाळी द्या." शोफार, ते मेंढ्याचं शिंग, वाजल्यावर परत आलो तर ओट्यावर पानांचा हा ढीग, आणि कडेला झाकून ठेवलेली श्रीखंडाची वाटी. बाबांनी रोजा त्याच श्रीखंडानं सोडला. साखरेचं बघा म्हटलं तर म्हणाले, आज देवानं सगळं माफ केलंय.

मिनियानची, प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमण्याची, धाकधूक होतीच. ठाण्याहून, मुंबईहून माणसं आली तेव्हा कुठे दहा पुरुष भरले. आपली मशीद, मागेन अबोथ, १८४८ची, १९१०मध्ये नव्यानं बांधली. तेव्हा म्हणे सणाला उशीर झाला तर बाहेर अंगणात उभं राहावं लागायचं. आता दहावा माणूस रेवसच्या लाँचमधून उतरला की नाही ते फोन करून विचारायचं.

हश्काव्याच्या, म्हणजे गेलेल्यांची नावं घेऊन म्हणायच्या प्रार्थनेच्या, वेळी बाबा नेहमीसारखे तेबापाशी, मधल्या चौथऱ्यापाशी, उभे राहिले. हातात कागद नाही. तुला त्यांचा क्रम पाठ असेल. खापरपणजोबांपासून सुरुवात, मग पेणची मंडळी, मग रोह्याची, मग घरातल्या बायका. लहानपणी तू माझ्या मांडीवर झोपून उठायचास तरी त्यांचं पेणच चाललेलं असायचं. यंदा पेण झालं, रोहा झालं, आणि पुन्हा पेण सुरू झालं. प्रार्थना चालवणाऱ्या हजाननी काही म्हटलं नाही, नावं दुसऱ्यांदा म्हटली. मग बायका आल्या. त्यात आजींचं नाव आलं नाही. स्वतःच्या आईचं. बाबा थांबले, तालीथच्या, प्रार्थनेच्या शालीच्या, गोंड्याशी चाळा करत राहिले. ठाण्याच्या म्हाताऱ्यांनी हळूच विचारलं, "आणि आई?" तेव्हा, "हो, हो, आई," म्हणाले.

शहात्तर वर्षांचा माणूस, पंचवीस तास पोटात काही नाही, उपासानं होतं असं. मी हे लिहिणार नव्हते. सोनूला कळवायचं नाही म्हणून त्यांनी बजावलंय. सोड ते. यादीचं बघू.

नावं-तारखा मी वेगळ्या कागदावर काढल्यात, जेवढ्या मला लागल्या तेवढ्या. अडचण जुन्यांची आहे. राजपूरकरांनी मराठी केलेलं प्रार्थनेचं पुस्तक आठवतंय ना, लाल कापडात बांधलेलं? त्याच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर पणजोबांनी घरातले जन्म-मृत्यू लिहून ठेवलेत, पण सगळं मोडीत. तू त्या पानांचे फोटो मागवले होतेस, मी पाठवलेही. तुला त्यातलं काय लागणार? मलाही लागत नाही. घरात मोडी वाचणारे एकटे बाबा, आजोबांनी मांडीवर बसवून शिकवलेली. ती पानं त्यांच्याकडून लवकर वाचून घ्यायला हवीत. लवकर म्हणजे असं काही नाही, आपलं सवडीनं. पण लवकर.

तारखांनी तुला माणसं कळणार नाहीत, म्हणून थोडं लिहिते.

खापरपणजोबांचा तेलाचा घाणा होता. गावात शनिवार तेली म्हणायचे ते आपल्यालाच. शुक्रवारी दिवस मावळायच्या आत बैल सोडायचे, घाणा धुऊन टाकायचे, की रविवारी पहाटेपर्यंत त्याला हात नाही. एकदा कोणी लग्नघरवाल्यानं शनिवारी तेल मागितलं, दुप्पट पैसे देऊ केले, तर म्हणे ते बैलाकडे बोट दाखवून म्हणाले, "त्याला विचारा." हे बाबा सांगतात तसं सांगायला हवं, माझ्या सांगण्यात ती मजा नाही.

मोठ्या आत्याआजी मुंबईला एली कदूरी शाळेत शिकल्या, रिबेका रूबेन मुख्याध्यापिका होत्या तेव्हा. बाईंनी १९०५ साली मॅट्रिकला मुलग्यांना मागे टाकून पहिला नंबर काढला होता, त्याचा आत्याआजींना इतका अभिमान की जणू पेपर ह्यांनीच लिहिला. म्हातारपणीसुद्धा कोणी अशुद्ध लिहिलं की चष्म्यावरून बघायच्या. आणि थोरल्या काकांचा जन्म कामा हॉस्पिटलमधला, डॉक्टर जेरुशा झिराड तिथे प्रमुख असतानाचा. आजी सांगायच्या, बाई वॉर्डात आल्या आणि आडनाव ऐकून थेट मराठीत विचारलं, "कुठल्या गावच्या तुम्ही?" मांडव्याच्या रस्त्याला झिराड लागतं, तिकडून जाताना तू खिडकीतून पाटी वाचायचास. बाईंना पुढे पद्मश्री मिळाली तेव्हा आजींनी आळीत पेढे वाटले होते. नात्यातल्या नव्हेत काही. पण वाटले.

धाकट्या आत्याचं मात्र मला जास्त लिहायचंय, कारण तिच्यासाठी कद्दीश, मुलांनी आईबापांसाठी म्हणायची प्रार्थना, म्हणणारं पोटचं कोणी नाही. तू चार वर्षांचा असताना ती गेली. नर्स होती, लग्न केलं नाही. रात्रपाळी करून भाऊच्या धक्क्यावरून पहिली लाँच पकडायची, रेवसला उतरून एसटीनं घरी. आली की आधी तुझे हात बघायची आणि नखं कापायची. पिशवीत एक छोटी कात्री असायचीच, रुमालात गुंडाळलेली. नखं कापून झाली की कुंडीतला सब्जा चुरून तुझ्या नाकाशी धरायची. तू शिंकायचास, ती हसायची. तिच्या वर्षाला बाबाच दिवा लावतात, ग्लासात पाणी, वर खोबरेल, त्यात वात. तिची तारीख हिब्रू महिन्याप्रमाणे बाबांच्या डोक्यात आहे, कॅलेंडरवर कुठे लिहिलेली नाही. यंदा मी लिहून घेतली. मुद्दाम नाही, सहज.

तिकडच्या वाळवंटातल्या दिमोनाच्या काकांचं तुला तिकडे कोणी सांगितलं असेल-नसेल. ते गेले तेव्हा दिमोना म्हणजे नुसती वाळू, आणि समुद्राकाठी वाढलेला माणूस. १९६२ला तिकडच्या मुख्य रब्बींनी, धर्मगुरूंनी, फर्मान काढलं की बेने इस्राएल, म्हणजे आपल्या कोकणातल्या ज्यू, माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावायचं तर आधी त्याच्या कुळाची चौकशी करा. आपली कुळं कसली तपासता! काका १९६४ला जेरुसलेमला धरणं धरून बसले होते आपल्या लोकांबरोबर. त्या वर्षी ते मिटलं, पण काकांनी आजींना लिहिलं होतं, "इथे ज्यू ठरायला उन्हात बसावं लागलं, अलिबागेत कोणी कधी विचारलं नव्हतं." ते पत्र माझ्या ट्रंकेत आहे. तुझ्या लग्नाच्या वेळी सूनबाईच्या माहेरच्यांनी हसतमुखानं सगळं केलं, तेव्हा मला काकांचीच आठवण आली. दिमोनाला जाऊन त्यांच्या कबरीच्या दगडावर खडा ठेवून ये. तुमच्या अश्दोदहून काही फार लांब नाही.

आणि एक सांगते. नावं कॉम्प्युटरमध्ये ठेवलीस म्हणजे झालं असं समजू नकोस. कॉम्प्युटर काही मिनियानमध्ये मोजत नाहीत. छकुलीला बसव, तिला तोंडानं म्हणायला लाव. शुक्रवारी दिवा लावताना एक नाव, एक गोष्ट, एवढंच. तुमच्याकडे सुट्टीचा दिवस म्हणजे समुद्रावर जायचं, मान्य, पण पंधरा मिनिटं काढता येत नाहीत असं नाही. घरात मराठी बोल तिच्याशी. आपल्या कबरस्तानात दगडांवर वर हिब्रू आणि खाली मराठी आहे. वरचं तिला येतं, त्यात नाव कळेल. खाली "आमची प्रेमळ आई" लिहिलंय ते कोण वाचून दाखवणार तिला?

पुरे. रागावू नकोस. तू दिवसभर नोकरी करून येतोस, जूनमध्ये क्षेपणास्त्रं येत होती तेव्हा तर पोरीला उचलून रात्र रात्र आसऱ्याच्या खोलीत बसत होतास, आणि मी इथून तुला धडे देतेय. तेव्हा टीव्ही बघून बघून माझा रक्तदाब वाढला होता. बाबा मात्र शांत. नंतर कळलं की रोज पहाटे उठून तुमच्या तिघांची नावं घेऊन तेहिलीम, दाविदाची स्तोत्रं, वाचत होते. तुमची नावं एकदाही चुकली नाहीत, मी कान देऊन ऐकलंय.

कान देऊन ऐकायची सवयच लागलीय मला आताशा.

किहीमकरांनी आपल्या लोकांचा इतिहास १८९७ला लिहून पुरा केला आणि छापून आला १९३७ला, तेल अवीवला, ते जाऊन कितीतरी वर्षं झाल्यावर. बाबांचं यावरून एक ठरलेलं वाक्य आहे, "आपण लिहून ठेवावं, वाचणारा येतो सावकाश." मग मी म्हणते, अहो, तर तुम्ही का नाही लिहीत? तर म्हणतात, माझ्या डोक्यात आहे ना.

नवगावला गेलो होतो गणपतीनंतर. पाऊस उघडला की बाबा जातातच. जहाज फुटून आपले जे पूर्वज वाहून आले त्यांच्यातले सात पुरुष, सात बायका वाचल्या, बाकीचे तिथे पुरले, त्यांच्यापैकी एकाचंही नाव कोणाला ठाऊक नाही. बाबांनी प्रत्येक उंचवट्यावर खडा ठेवला, मला म्हणाले, ह्यांचा हश्कावा सोपा, विसरायला नावच नाही. आणि हसले. मला नाही हसू आलं.

आता लिहायला घेतलंच आहे तर लिहूनच टाकते. ऑगस्टमध्ये कबरस्तानातून यायला उशीर झाला म्हणून मी शेजारच्या मुलाला पाठवलं, तर बाबा एसटी स्टँडवर बसलेले. पेणची गाडी बघतोय म्हणाले. पेणला आपलं आता कोण आहे रे? डॉक्टरांकडे नेलं. त्यांनी मेंदूचा फोटो काढायला सांगितलाय, पनवेलला जावं लागेल. बाबा म्हणतात सण होऊ देत. सण झाले की म्हणतील थंडी होऊ दे.

आणि परवा शिळ्या सणाला, दाराफाळणीच्या दुसऱ्या दिवशी. आपल्यात म्हणतात ना, दाराफाळणीच्या आधी गेलेली माणसं घरी येतात आणि शिळ्या सणाला परत जातात. सकाळी मी चहा टाकत होते, बाबा मागच्या दारातून आत आले आणि विचारलं, "आई गेली का गं?" जुनी माणसं त्या दिवशी असं बोलायचीच, आजी स्वतः बोलायच्या. मी "हो, आत्ताच गेल्या," म्हणाले. त्यांनी मान डोलावली आणि पेपर वाचत बसले. आता मी ह्याचा काय अर्थ लावू, तूच सांग. डॉक्टरांना सांगितलं तर ते एक समजतील, आजींना सांगितलं असतं तर त्यांनी दुसरंच समजलं असतं.

तू ये असं मी म्हणत नाही. नवी नोकरी आहे, रजा नाही, ठाऊक आहे मला. तू तिकडे गेलास तेव्हा बाबांनी खंडाळ्याला एलियाहू हनबीच्या टापेवर, त्या संदेष्ट्याची खूण मानतात त्या खडकावर, मलिदा केला होता, पोहे भिजवण्यापासून खोबरं खवण्यापर्यंत सगळं स्वतः, मला हात लावू दिला नाही. पोराचं चांगलं होऊ दे, एवढंच मागितलं. लवकर परत येऊ दे असं मागितलं नाही. मी शेजारी उभी होते, मी मागितलं.

एक काम कर. शुक्रवारी शाब्बाथ, शनिवारचा विसावा, लागायच्या आत फोन कर, तुमच्या दुपारी दोनला, म्हणजे इथे साडेचार होतील. ते झोपून उठलेले असतात, तेव्हा डोकं ताजं असतं. गोळ्यांचं विचारू नकोस, घराचं तर नाहीच. मोडीतलं काही अडलंय म्हण. मी ते पुस्तक त्यांच्या हातात देईन आणि एकेक ओळ वाचायला लावीन. तुझ्या फोनवर आवाज उतरवून घेता येतो ना, तो घे. पहिल्या दिवशी सगळं होणार नाही. दर शुक्रवारी थोडं थोडं करू. छकुलीला फोनवर बसव, तिनं मध्येच काही विचारलं की त्यांना चेव येतो.

चिकाचा हलवा येणाऱ्या माणसाबरोबर पाठवलाय. फ्रीजमध्ये ठेवू नकोस, दगड होतो.

तुझी,
आई

ता. क. यादीत आजींचं नाव मी मुद्दाम लिहिलेलं नाही. ते तू बाबांनाच विचार. अडले तर लगेच सांगू नकोस, थोडा थांब.