रिकाम्या न निघालेल्या कुपीबद्दल, ताईंना

ताई,

त्या संध्याकाळी तुम्हाला फोन लावला तेव्हा माझी तक्रार निम्मी लिहून झाली होती. 'अँटीफ्रीझ प्रोटीनची कुपी रिकामी आली आहे, पैसे परत करा,' असा एकूण सूर. तुम्ही सगळं ऐकून घेतलंत आणि एकच विचारलंत, "रीडिंग कशावर घेतलंस?" मी म्हटलं, "280 वरच, नेहमीसारखं." "बरं. त्या प्रोटीनचा क्रम समोर आहे ना? मोठ्याने वाच."

मी वाचायला लागले. अ‍ॅस्पार्टिक, थ्रिओनिन, अ‍ॅलनिन, सेरिन, अ‍ॅस्पार्टिक, आणि मग अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन, अ‍ॅलनिन... सहाव्या अ‍ॅलनिनला माझा आवाज बारीक झाला. विंटर फ्लाउंडर या चपट्या माशाचं ते पहिल्या प्रकारचं अँटीफ्रीझ प्रोटीन, म्हणजे बर्फाचा स्फटिक वाढू न देणारं. 37 अमिनो आम्लं, त्यातली 23 नुसती अ‍ॅलनिन. ट्रिप्टोफॅन नाही, टायरोसिन नाही. 280 नॅनोमीटरचा प्रकाश अडवतात ती मुख्यतः हीच दोन, मग शून्याखेरीज दुसरं काय येणार? ब्रॅडफर्ड या प्रोटीन मोजायच्या चाचणीचा निळा रंग फिका का पडला होता, तेही तुम्ही त्याच दमात सांगून टाकलंत: तो रंग प्रामुख्याने आर्जिनिनला धरतो आणि इथे आर्जिनिन अख्खं एक, तेही शेवटच्या टोकाला.

तक्रार मी तिथेच पुसली. हे पत्र त्या पुसलेल्या तक्रारीच्या जागी आहे असं समजा.

खरं तर त्याआधीची कुपी मी माझ्याच हाताने घालवली होती आणि ते तुम्हाला सांगायला मला दुसरा दिवस उजाडावा लागला. मीठ काढायचं म्हणून मी प्रोटीन डायलिसिसच्या पिशवीत भरलं आणि रात्रभर थंड खोलीत फिरत ठेवलं. पिशवी नेहमीचीच, 12,000 डाल्टनपेक्षा (डाल्टन म्हणजे रेणूच्या वजनाचं माप) जड ते अडवणारी, हलकं ते बाहेर सोडणारी. आमच्या या पाहुण्याचं वजन सुमारे 3,200. सकाळी पिशवीत स्वच्छ बफर (पीएच स्थिर राखणारं द्रावण) होता आणि प्रोटीन बाहेरच्या दोन लिटर पाण्यात, जे मी सिंकमध्ये ओतून मोकळी झाले होते. यावर मात्र तुम्ही हसलात. पण पाठोपाठ, "माझीही एक अशीच गेली आहे," हेही म्हणालात. ते खरं होतं की माझं मन राखायला, हे मी कधी विचारणार नाही.

त्या दोन फोनांत तुम्ही जे सांगितलंत ते मी वहीत उतरवून घेतलंय. थोडं इथे लिहिते, कारण माझ्यासारखी कुणीतरी नव्याने हे काम हातात घेतेच.

फ्रीझरमधून काढलेली कुपी लगेच उघडायची नाही. डेसिकेटरमध्ये, म्हणजे कोरड्या हवेच्या बंद भांड्यात, टोपण न उघडता, अर्धा तास राहू द्यायची. थंड काचेवर हवेतली वाफ जमते आणि सुकी पूड तेवढंसं पाणीही ओढून घेते. मग वजन चुकतं आणि वजन चुकलं की पुढचं सगळंच चुकतं. उघडण्याआधी सेंट्रिफ्यूजमध्ये एक छोटी फेरी द्यायची, कारण ही पूड कापसासारखी हलकी असते आणि टोपणाला चिकटून बसते. माझ्या दुसऱ्या कुपीत दिसायला काहीच नव्हतं, फेरीनंतर तळाशी पांढरा ठिपका आला. विरघळवताना व्हॉर्टेक्सवर, म्हणजे जोरात घुसळणाऱ्या यंत्रावर, धरायचं नाही. फेस आला की प्रोटीन हवा-पाण्याच्या सीमेवर जाऊन बसतं आणि काहींचा आकारच बिघडतो. कुपी बोटांत धरून हळूच फिरवायची, बस.

मोजायचं तर 205 नॅनोमीटरवर, तिथे अमिनो आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंधच प्रकाश अडवतो, मग अमिनो आम्ल कोणतं का असेना. क्युव्हेट (रीडिंगसाठी द्रावण भरायची छोटी डबी) क्वार्ट्झचीच हवी, प्लास्टिकची तिथे आंधळी असते. आणि बफरमध्ये सोडियम अझाइड नको. बुरशी लागू नये म्हणून मी सवयीने ते घालत होते, पण तेच 205 वर इतका प्रकाश खातं की प्रोटीनचं रीडिंग त्याखाली बुडून जातं. अझाइडवरून तुम्ही जरा रागावलातही, आणि बरोबर होतं. ते सिंकमध्ये जात राहिलं तर शिसं-तांब्याच्या नळांत स्फोटक क्षार साठू शकतात आणि आम्लात पडलं तर विषारी वायू निघतो. तोपर्यंत मी सगळी काळजी प्रोटीनची घेत होते. खरा धोका शेजारच्या बाटलीत होता.

धोक्याचंच चाललंय म्हणून सांगते. आमच्याकडे कुणीतरी त्या कुपीवरचा 'अँटीफ्रीझ' शब्द वाचून ती ज्वलनशील द्रावकांच्या कपाटात नेऊन ठेवली होती, वर कवटीचं चिन्ह चिकटवून. गाडीच्या रेडिएटरमधलं अँटीफ्रीझ म्हणजे एथिलीन ग्लायकॉल. ते पोटात गेलं तर यकृत त्याचं ऑक्झॅलिक आम्लापर्यंत रूपांतर करतं आणि मूत्रपिंडात ऑक्झॅलेटचे स्फटिक साचतात. माशाच्या प्रोटीनचं त्याच्याशी नाव सोडून काही नातं नाही. अँटीफ्रीझ प्रोटीनांपैकीच तिसऱ्या प्रकारचं एक प्रोटीन यीस्टकडून बनवून घेतात आणि आइस्क्रीमसारख्या पदार्थांत वापरायला युरोपीय संघाने 2009 मध्ये त्याला परवानगी दिली. तरीही प्रयोगशाळेतली कुपी चाखायची नसते, हे वेगळं. पूड उडते, नाकात जाते, आणि कुठलंही प्रोटीन वारंवार श्वासातून गेलं तर अ‍ॅलर्जी जडू शकते. म्हणून हातमोजे, मास्क आणि वजन करताना पंखा बंद. कवटी मी काढून टाकली.

दुसरा गैरसमज माझाच होता. मला वाटायचं, हे घातलं की द्रावण गोठतच नाही, मग उणे 20 च्या फ्रीझरमध्ये ठेवायला काय हरकत? तुम्ही म्हणालात, "अगं, त्याची धाव जेमतेम एका अंशाची." ते मग मी हिशेब करून पाहिलं. मिलिलिटरला 10 मिलिग्रॅम म्हणजे सुमारे 3 मिलिमोलर. मीठ-साखरेच्या न्यायाने गोठणबिंदू एका अंशाच्या हजार भागांतले सहा भाग इतकाच उतरायला हवा. प्रत्यक्षात उतरतो अर्ध्या अंशाच्या आसपास, जवळजवळ शंभरपट. पण उणे 20 पुढे तो अर्धा अंश कुठे टिकणार? द्रावण गोठतंच. त्यामुळे छोटे छोटे भाग करून ठेवायचे, एक भाग एकदाच वितळवायचा, आणि आपोआप बर्फ झाडणारा फ्रीझर टाळायचा, कारण तो मधूनमधून गरम होतो. सोडियम फॉस्फेट बफरही नको. गोठताना त्यातला एक क्षार आधी बाहेर पडतो आणि पीएच घसरतो.

आणि एकाचे नियम दुसऱ्याला लावायचे नाहीत, हेही तुमचंच. हेरिंग माशाच्या दुसऱ्या प्रकाराला कॅल्शियम लागतं, तिथे कॅल्शियम पकडून ठेवणारं ईडीटीए घातलं की संपलं. कीटकांच्या प्रोटीनमध्ये गंधकाचे पूल असतात, तिथे ते पूल तोडणारं डीटीटी घालायचं नाही. आमच्या 37 वाल्याला दोन्हींचं सोयरसुतक नाही.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला बसले ते. परवा पहिल्यांदा ते डोळ्यांनी पाहिलं. धातूच्या चकतीला सुईने पाडल्यासारखी भोकं, त्यात तेल, तेलात प्रोटीनचा एवढासा थेंब. सगळं गोठवलं, मग हळूहळू वितळवत एकच स्फटिक उरू दिला. नुसत्या पाण्यात तो गोल चकतीसारखा पसरत जातो. इथे त्याला कडा आल्या, मग दोन्ही बाजूंना टोकं, दोन षटकोनी मनोरे बुडाला बुड लावून ठेवल्यासारखे, आणि तो थांबला. तापमान अंशाच्या शतांशाने उतरवत गेले. हलेना. प्रोटीन बर्फाच्या पृष्ठावर जागोजागी बसतं, मधला बर्फ फुगवटे धरून वाढू बघतो, आणि तेवढा वाकलेला पृष्ठ टिकवायला आणखी थंडी लागते. 1977 मध्ये रेमंड आणि डीव्ह्रीज यांनी मांडलेली ही कल्पना मी परीक्षेत दोनदा लिहिली आहे. त्या दिवशी तो थांबलेला बर्फ बघताना चहा गार झाला.

मग मी आणखी दोन शतांश उतरवले आणि टोकांतून एकदम सुया सुटल्या, क्षणात भोक भरून गेलं. तुम्ही बजावलं होतंत, "थांबतो तोवर थांबतो, सुटला की सुईच होतो." पेशी गोठवून जपायच्या कामात हे प्रोटीन बेतानेच का वापरतात, ते त्या क्षणी कळलं. त्या सुया पेशीत घुसल्या तर काय होईल, सांगायला नको.

गंमत म्हणजे उणे 1.9 अंशांच्या अंटार्क्टिक समुद्रात मासे का गोठत नाहीत, हे शोधताना डीव्ह्रीज यांना 1960 च्या दशकात जे पहिलं मिळालं, तेही साखर जोडलेलं आणि अ‍ॅलनिननेच भरलेलं प्रोटीन होतं. म्हणजे 280 वर तेही गप्पच. हे वाचल्यावर मला फार बरं वाटलं.

ताई, तुम्ही माझ्या प्रयोगशाळेच्या नाहीत, माझ्या मार्गदर्शकही नाहीत, आणि तो फोन घ्यायला तुम्ही बांधील नव्हता. तरी दोन संध्याकाळी दिल्यात. तिसऱ्या कुपीचे मी अकरा भाग केले. आठ माझे. तीन फ्रीझरच्या मागच्या कोपऱ्यात ठेवलेत, टोपणावर 'ताई' लिहून. हवे तेव्हा सांगा, कोरड्या बर्फात घालून पाठवते. गोठवलेलं द्रावण आहे, पूड नाही, तेव्हा या वेळी अर्धा तास थांबायची गरज नाही.

तुमची,
280 वाली